सरकारी पेन्शन : कमावलेली की दिलेली?

सेवापुस्तक (धागाकर्ता)

आयकराच्या धाग्यावर परवा कुणीतरी विचारलं होतं, "सरकारी पेन्शनवाल्यांनी असं काय भरलंय म्हणून त्यांना जन्मभर मिळतं?" तिथे उत्तर दिलं असतं तर मूळ विषय वाहून गेला असता, म्हणून हा वेगळा धागा.

आधीच सांगून टाकतो, नंतर कुणी हितसंबंध उकरून काढायला नकोत. नोकरी राज्य शासनाच्या लेखा शाखेत झाली, त्यातली बरीच वर्षं दुसऱ्यांची पेन्शन प्रकरणं तयार करण्यात गेली. आता स्वतः जुन्या योजनेतली, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ च्या आधी नोकरीत लागलेल्यांची, पेन्शन घेतो.

तर भरलं काय? काही नाही. जुन्या योजनेत पेन्शनसाठी पगारातून छदामही कापला जात नाही. आमचे काही मित्र लगेच जीपीएफ (सर्वसाधारण भविष्य निर्वाह निधी) दाखवतात, पण ती आपलीच बचत, व्याजासकट परत मिळते. पेन्शनशी तिचा संबंध नाही. पेन्शनचा कुठे फंड साठलेला नसतो. चालू वर्षाच्या महसुलातून, अर्थसंकल्पाच्या २०७१ या लेखाशीर्षातून ती दर महिन्याला जाते. म्हणजे आज नोकरी करणाऱ्या, कर भरणाऱ्या लोकांच्या पैशातूनच.

तरीही मी तिला कमावलेली म्हणतो. सरकारी नोकरीत पूर्वी दोन वाटा होत्या. एक अंशदायी भविष्य निर्वाह निधीची, म्हणजे सीपीएफची : तुमचे पैसे, त्यात सरकारचा हिस्सा, निवृत्तीला एकरकमी हिशेब. दुसरी पेन्शनची : सरकारचा हिस्सा मिळणार नाही, त्याऐवजी मरेपर्यंत दरमहा रक्कम. पेन्शन घेणाऱ्याने मालकाचा हिस्सा सोडला म्हणून त्याला पेन्शन. म्हणजे तो पगाराचाच भाग, फक्त उशिरा हातात येणारा.

सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नकारा प्रकरणात हेच सांगितलं. ३१ मार्च १९७९ पूर्वी निवृत्त झालेल्यांना सुधारित सूत्र नाही आणि नंतरच्यांना आहे, असा तो वाद होता. पाच न्यायाधीशांचं पीठ, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, निकाल लिहिला न्या. डी. ए. देसाईंनी. पेन्शन ही मालकाच्या मर्जीवरची खिरापत नाही, पूर्वी केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. पेन्शनर मंडळी १७ डिसेंबरला पेन्शनर दिन साजरा करतात तो त्याचमुळे.

मतं येऊ द्यात. शिव्या नकोत, बाकी सगळं चालेल.

---

टवाळ_पाखरू

पहिला प्रतिसाद माझा!

काका, ते आमदारांच्या पेन्शनचं घ्या ना आधी. एक टर्म केली की दरमहा पन्नास हजार, पुढे प्रत्येक वर्षामागे दोन हजारांची भर. तीही 'पूर्वी केलेल्या सेवेचा मोबदला' का? (हलकेच घ्या.)

---

खातेवही

सेवापुस्तक काका, मांडणी आवडली, निष्कर्षाशी असहमत. तो 'काय भरलंय' वाला प्रतिसाद माझाच होता. :)

मी खासगीत. ईपीएस-९५ मध्ये, म्हणजे खासगी नोकरदारांच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत आहे. माझ्या मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के तिथे जातात, पण पगार धरतात जास्तीत जास्त १५,००० रुपये. म्हणजे महिन्याला १,२५० रुपये. पेन्शनचं सूत्र असं : पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. १५,००० वर पूर्ण ३५ वर्षं काढली तर हातात साडेसात हजार. तेही आजच्या मर्यादेने, सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या वर्षांना जुनी ६,५०० चीच मर्यादा. यावर महागाई भत्ता नाही. आज साडेसात हजार ठरले की वयाच्या ऐंशीव्या वर्षीही साडेसात हजारच. किमान पेन्शन १,००० रुपये, तीही २०१४ पासून हललेली नाही.

माझ्या बाबतीत पैसे भरले गेले, पावती आहे, तरी पेन्शन अशी. तुमच्या बाबतीत भरलं काहीच नाही, तरी शेवटच्या पगाराच्या निम्मी आणि वर वर्षातून दोनदा महागाईची वाढ. मग 'कमावणं' म्हणजे नेमकं काय?

आणि 'उशिरा मिळणारा पगार' हा युक्तिवाद १९७५ साली चालला असता. तेव्हा सरकारी पगार खरंच कमी होते. पाचव्या-सहाव्या वेतन आयोगानंतर सरकारी शिपाई, चालक, लिपिक यांचा पगार बाहेरच्या बाजारातल्या तशाच माणसापेक्षा जास्तच आहे. वरच्या अधिकाऱ्यांचं उलट, त्यांना बाहेर जास्त मिळालं असतं. म्हणजे तुमचा युक्तिवाद सचिवाला लागू पडतो आणि शिपायाला पडत नाही. हे तुम्हाला चालेल?

---

सेवापुस्तक

टवाळ, आमदारांचं नंतर. तो विषय निघाला की धाग्याचं मातेरं होतं.

खातेवही, शिपायाचा मुद्दा बिनतोड. पण बाहेरच्या शिपायाला जे मिळतं ते बरोबर, हे कुणी ठरवलं? कंत्राटी सुरक्षा रक्षक बारा तास उभा राहतो, त्याच्या पगाराशी तुलना करून सरकारी शिपाई 'जास्त घेतो' म्हणणं मला पटत नाही. ते असो. पेन्शनपुरतं बोलू. करार झाला तेव्हा दोन्ही बाजूंना अट ठाऊक होती : इतका पगार आणि शेवटी पेन्शन. माणसाने अठ्ठावन्न वर्षांपर्यंत आपली बाजू पाळली. आता सरकारने बाजारभाव बघून आपली बाजू बदलायची?

---

गोदाकाठ

वकिली करतो, सेवाविषयक प्रकरणं बरीच बघितली आहेत. काकांनी नकारा अर्धाच सांगितला असं म्हणावं लागेल. नियम उघडले तर चित्र इतकं स्वच्छ नाही.

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ घ्या. नियम २६ म्हणतो, पेन्शन पुढील चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर. नियम २७ नुसार सेवेत गंभीर गैरवर्तन सिद्ध झालं तर सरकार पेन्शन पूर्ण किंवा अंशतः, कायमची किंवा काही काळ रोखू शकतं. केंद्राच्या नियमांतही तेच आहे. २०२१ मध्ये केंद्राने त्यात आणखी भर घातली : गुप्तवार्ता आणि सुरक्षा संस्थांतून निवृत्त झालेल्यांनी संस्थेच्या कामाबद्दल परवानगीशिवाय लिहिलं तर पेन्शन धोक्यात. कमावलेल्या पगाराला अशी अट असते का? मार्चचा पगार घेतला आणि जूनमध्ये वागणूक बिघडली म्हणून मार्चचा पगार कुणी परत मागत नाही.

दुसरं, राजीनामा. दहा वर्षांची अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा झाली की सेवानिवृत्तीनंतर पेन्शन मिळते, वीस वर्षांनंतर स्वेच्छानिवृत्ती घेता येते. पण अठराव्या वर्षी राजीनामा दिला तर आधीची सगळी सेवा जप्त. पेन्शन शून्य. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा एकदा सांगितलं की राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती वेगळ्या, राजीनामा दिला की मागची सेवा गेली. दरवर्षी थोडी थोडी पेन्शन कमावली जात असती तर अठरा वर्षांची कमाई एका अर्जाने कशी पुसली गेली?

आता दुसरी बाजू. २०१३ च्या झारखंड राज्य विरुद्ध जितेंद्रकुमार श्रीवास्तव या निकालात न्यायालयाने पेन्शन आणि उपदान (ग्रॅच्युइटी) यांना संपत्ती म्हटलं, संविधानाच्या अनुच्छेद ३००अ खाली येणारी. कायद्याच्या आधाराशिवाय ती काढता येत नाही, नुसतं परिपत्रक चालत नाही. शिवाय सावकाराला पेन्शनवर जप्ती आणता येत नाही, ते संरक्षण १८७१ च्या पेन्शन कायद्यापासूनचं आहे.

म्हणजे कायद्याच्या दृष्टीने पेन्शन ही संपत्ती आहे, पण अटी असलेली. 'कमावलेली' म्हणताना त्या अटीही सांगायला हव्यात.

---

फळा_खडू

माझी कहाणी ऐकून कुणीतरी सांगा मी काय कमावलं.

२००३ ला शाळेत लागलो. रीतसर मान्यता, रीतसर वेतनश्रेणी, फक्त शाळा अंशतः अनुदानित. शंभर टक्के अनुदान आलं ते १ नोव्हेंबर २००५ नंतर. राज्यात त्या तारखेपासून परिभाषित अंशदान योजना लागू झाली. शेजारच्या शाळेतला माझा वर्गमित्र, त्याच वर्षी लागलेला, त्याच्या शाळेला अनुदान आधी मिळालेलं. तो जुन्या पेन्शनमध्ये, मी या अंशदान योजनेत (डीसीपीएस), पुढे राष्ट्रीय पेन्शन योजनेत (एनपीएस). दोघांनी तेच धडे शिकवले, जनगणनेचं आणि निवडणुकीचं तेच काम केलं.

खातेवही, तुमच्या मापाने बघितलं तर माझी पेन्शन काकांपेक्षा जास्त 'कमावलेली' आहे. मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या दहा टक्के माझ्या पगारातून जातात, सरकार आता चौदा टक्के घालतं. सगळं माझ्या नावावर. निवृत्तीला साठ टक्के हातात, उरलेल्या चाळीस टक्क्यांची वार्षिकी, म्हणजे विमा कंपनीकडून ठरावीक पेन्शन, विकत घ्यावी लागते. कुणी म्हणू शकणार नाही की मला फुकट मिळालं.

आणि तरीही मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत मी सात दिवस संपावर होतो. जिथे माझं काही कापलं जात नाही तीच योजना मला हवी. का? वार्षिकीचा दर निवृत्तीच्या दिवशी काय असेल ते मला माहीत नाही. बाजार पडला तर तो माझ्या नशिबावर पडतो. काकांच्या पेन्शनला बाजार माहीतच नाही.

आणि सुरुवातीची कितीतरी वर्षं आमच्याकडे कपात व्हायची पण हिशेबाच्या चिठ्ठ्या मिळायच्या नाहीत. 'तुमचे पैसे तुमच्या नावावर' हे ऐकायला बरं वाटतं हो.

---

रानजाई

फळा_खडू, +१. चिठ्ठ्यांचा प्रकार आमच्याकडेही झाला होता. सविस्तर नंतर लिहिते.

---

दूरदेशी

बरीच वर्षं अमेरिकेत आहे. इथे हाच वाद उलट्या बाजूने चालतो, म्हणून दोन शब्द.

इथे सोशल सिक्युरिटीसाठी पगारातून ६.२ टक्के जातात, तितकेच मालक भरतो. त्यामुळे कुणी त्याला सरकारी मदत म्हटलं की म्हातारी माणसं खवळतात : आम्ही आयुष्यभर भरलंय, हे आमचे पैसे! वास्तविक पैसे साठवून ठेवलेले नसतात, आजचे कामगार भरतात त्यातून आजच्या निवृत्तांना मिळतं. अगदी पहिली मासिक रक्कम घेणाऱ्या आयडा मे फुलर या बाईंनी एकूण २४ डॉलर ७५ सेंट भरले होते. जानेवारी १९४० मधला त्यांचा पहिला धनादेश होता २२ डॉलर ५४ सेंटचा. त्या शंभरी पार करून गेल्या आणि एकूण बावीस हजारांवर डॉलर घेतले. कमावले? तुम्हीच ठरवा.

पण खरी गोष्ट पुढे आहे. एफ्रम नेस्टर नावाचा बल्गेरियातून आलेला माणूस. १९३६ पासून एकोणीस वर्षं त्याने आणि त्याच्या मालकांनी हा कर भरला. १९५५ मध्ये त्याला महिना ५५ डॉलर ६० सेंट सुरू झाले. पुढच्या वर्षी त्याला देशाबाहेर काढलं, कारण १९३० च्या दशकात तो कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता. त्या काळी ते सभासदत्व बेकायदा नव्हतं. त्याची रक्कम बंद झाली. तो कोर्टात गेला आणि १९६० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी हरला. न्यायालयाचं म्हणणं : भरलेल्या करामुळे या रकमेवर मालमत्तेसारखा हक्क तयार होत नाही, संसद नियम बदलू शकते.

आता गोदाकाठ यांनी दिलेल्या निकालाशेजारी हे ठेवून बघा. भारतात एक पैसा न भरता पेन्शन संपत्ती ठरते. इथे एकोणीस वर्षं भरूनही ठरली नाही. म्हणून 'काय भरलंय' हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही.

---

खातेवही

दूरदेशी, माहितीसाठी धन्यवाद, नेस्टरची केस माहीत नव्हती. पण त्यातून मी वेगळाच निष्कर्ष काढतो. ज्याला तुम्ही हक्क म्हणता तो शेवटी सरकार आणि कोर्ट म्हणेल तेवढाच. भिशीत निदान कुणाचा नंबर कधी ते तरी ठरलेलं असतं.

---

सेवापुस्तक

दूरदेशींचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत मोलाचा. त्याला जोडून आपल्याकडचीच एक केस सांगतो, फारशी कुणाच्या बोलण्यात नसते.

वर सीपीएफची वाट सांगितली ना, ती निवडलेले रेल्वेचे बरेच लोक होते. निवृत्तीला एकरकमी पैसे घेऊन घरी गेले. पुढे महागाई वाढली, पेन्शनचे नियम सुधारत गेले, पेन्शनवाल्यांचं बरं चाललं आणि यांचं संपलं. ते न्यायालयात म्हणाले, नकाराप्रमाणे आम्हालाही पेन्शनमध्ये घ्या. कृष्णकुमार विरुद्ध भारत सरकार, १९९०, पुन्हा पाच न्यायाधीश. उत्तर आलं : नाही. तुमचा हिस्सा आणि सरकारचा हिस्सा दिला त्या दिवशी सरकारची जबाबदारी संपली. पेन्शनरांच्या बाबतीत ती मरेपर्यंत चालू राहते, म्हणून ते वेगळे.

ज्यांच्या नावावर खातं होतं, ज्यांनी भरलं, त्यांची बाजू कोर्टात पडली. ज्यांनी भरलं नाही त्यांची उभी राहिली. फळा_खडू, तुमच्या संपामागचं कारण मला यात दिसतं. खातं म्हणजे हिशेब, तो एक दिवस मिटतो. जुनी पेन्शन हा शब्द दिलेला असतो, तो माणूस असेपर्यंत मिटत नाही आणि मागे बायको असली तर तिच्या कुटुंब निवृत्तिवेतनातही चालू राहतो. ऐंशी वर्षं झाली की वीस टक्के वाढ, शंभरी गाठली तर दुप्पट, असा केंद्राचा नियम आहे. कुठलं खातं म्हाताऱ्याचं वय वाढेल तसे पैसे वाढवून देईल?

म्हणून मी 'कमावलं' म्हणतो ते पैशाबद्दल नाही. माणूस कमावतो तो शब्द. तीस वर्षं काम करून त्याने सरकारला बांधून घेतलेलं असतं.

गोदाकाठ, राजीनाम्याचा मुद्दा बोचला. अठरा वर्षं काढून कंटाळून सोडणाऱ्याला शून्य, हे मला नोकरीत असतानाही अन्यायाचं वाटायचं. शब्द संपूर्ण काम झाल्यावर पक्का होतो असं त्याचं समर्थन करता येईल, पण मनापासून करवत नाही.

---

गोदाकाठ

काका, तुमच्या त्या 'शब्दा'बद्दल वाईट बातमी देतो. वित्त अधिनियम २०२५ मध्ये एक वेगळा भाग घातलाय, पेन्शन नियमांना वैधता देणारा, तोही १ जून १९७२ पासून पूर्वलक्षी. त्यानुसार पेन्शनधारकांमध्ये फरक करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे आणि निवृत्तीच्या तारखेवरून तो करता येतो. नकाराने जे दार बंद केलं होतं ते संसदेने असं किलकिलं केलंय. मार्च २०२५ मध्ये पेन्शनर संघटनांनी बरीच ओरड केली, वर्तमानपत्रांत मात्र कोपऱ्यात बातमी. नव्या वेतन आयोगाच्या वेळी जुन्या निवृत्तांना काय मिळतं तेव्हा याचा अर्थ कळेल.

म्हणजे दूरदेशींचा नेस्टर आपल्यापासून फार लांब नाही.

---

टवाळ_पाखरू

म्हणजे शब्द कमावला आणि शब्दकोश सरकारकडे.

---

सेवापुस्तक

हाहा. हे मात्र जमलं.

गोदाकाठ, ते माझ्या वाचनात आहे. त्यामुळे रात्री झोप उडाली असं म्हणत नाही, पण आमच्या ग्रुपवर 'आपल्याला कोण हात लावतो' म्हणणाऱ्यांना मी तो भाग छापून देतो.

'दिलेली' ही भावना कायद्यापेक्षा टेबलावर जास्त जाणवते. निवृत्तीच्या तोंडावर माणसाचं सेवापुस्तक पडताळणीला जातं आणि वीस वर्षांपूर्वीच्या वेतननिश्चितीतली चूक निघते. चूक कार्यालयाची, वसुली माणसाच्या उपदानातून. २०१४ च्या रफिक मसीह निकालाने वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्तांकडून, निवृत्तीला वर्ष उरलेल्यांकडून अशी वसुली करायला मनाई केलीय. तरी कितीतरी जण 'जाऊ दे, पेन्शन अडकायला नको' म्हणून संमतिपत्र लिहून देतात. मी माझ्या टेबलावर ते लिहून घ्यायला नकार द्यायचो, त्यावरून साहेबांशी वाजलंही. आपलं हक्काचं मागताना माणसाचा आवाज खाली का जातो, ते मला कधी उमगलं नाही.

---

खातेवही

काका, तुमच्या माणसाचा आवाज निदान टेबलापर्यंत पोचतो तरी.

'शब्द कमावला' हे मान्य केलं तर पुढचा प्रश्न सोपा आहे : शब्द कुणी दिला आणि पैसे कुणाचे? शब्द १९८० च्या सरकारने दिला, फेडतोय २०२५ चा करदाता. त्यात मी आलो, आणि काडेपेटी विकत घेणारा शेतमजूरही, कारण कर त्यावरही आहेच. त्याच्या म्हातारपणाबद्दल कुणी कुणाला शब्द दिलाय? देशात बहुतेक लोक असंघटित कामात आहेत. त्यांनी पुलाचं काम केलं, ऊस तोडला, घरं बांधली. ही 'सेवा' नाही?

मला तुमची पेन्शन बंद करायची नाहीये. पण तुम्ही 'आम्ही कमावलं' म्हणता तेव्हा त्यात 'त्यांनी नाही कमावलं' हे आपोआप येतं. ते खुपतं.

---

रानजाई

मी याचसाठी थांबले होते.

आमच्या गावात ज्या बाईंना श्रावणबाळ योजनेचे पैसे मिळतात, त्यांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या शेतात खुरपलंय. महिन्याला १,५०० रुपये. त्यात केंद्राचे २००, बाकीचे राज्याचे. केंद्राचे ते २०० रुपये २००७ पासून तेवढेच आहेत, ऐंशी ओलांडली की ५००. हे मिळवायला वय पासष्ट, उत्पन्नाचा दाखला वर्षाला एकवीस हजारांच्या आतला, तलाठी, तहसील, समितीची मंजुरी. पोरगा कमावता असेल तर 'पोरगा बघत नाही का?' हा प्रश्न चारचौघांत. काका, तुम्हाला कधी विचारलं का हो, मुलगा पुण्यात कमावतो मग पेन्शन कशाला?

दुसरी बाजू अंगणवाडी सेविकांची. मी स्वतः पर्यवेक्षिका होते, म्हणून माहिती. मुलांची वजनं, पोषण आहार, लसीकरणाच्या याद्या, मोबाईलमधली माहिती, सगळं सेविका करतात. पण त्यांना पगार नाही, मानधन. वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की तुम्ही स्वयंसेविका, तुम्हाला कसली ग्रॅच्युइटी? २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने, न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांनी, गुजरातच्या मणिबेन भारिया यांच्या प्रकरणात सांगितलं की सेविका आणि मदतनीस यांना १९७२ च्या उपदान कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटी द्यावी लागेल.

आता बघा. २५ एप्रिल २०२२ च्या आदल्या दिवशी आणि नंतरच्या दिवशी त्या बाईच्या कामात काहीच फरक पडला नाही. तेच काम आदल्या दिवशी समाजसेवा होतं आणि दुसऱ्या दिवशी कमाई झालं. म्हणून कमावलेलं की दिलेलं हे मला कामावरून ठरताना दिसत नाही. कुणाची संघटना आहे, कोण संप करू शकतो, कोण वकील लावू शकतो, त्यावरून ठरताना दिसतं.

---

फळा_खडू

रानजाई ताई, काय बोलावं. आमच्या संपाच्या वेळी अंगणवाडीच्या बायका पाठिंब्याला आल्या होत्या. त्यांच्या मागण्यांच्या वेळी आम्ही किती जण गेलो ते सांगायची सोय नाही.

---

गोदाकाठ

ताईंच्या म्हणण्याला संविधानातही दुजोरा आहे. म्हातारपणी सरकारी साहाय्य मिळण्याची तरतूद अनुच्छेद ४१ मध्ये आहे, पण ते मार्गदर्शक तत्त्व, राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. त्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही. गंमत म्हणजे नकारा निकालातही या तत्त्वाचा आधार घेतलाय. पेन्शनला सेवेचा मोबदला म्हणतानाच न्यायालयाने ती वार्धक्यातल्या सामाजिक न्यायाचीही गोष्ट म्हटलीय. म्हणजे ज्या कलमाने खुरपणाऱ्या बाईंना काही द्यायला हवं होतं त्याचा पहिला मोठा फायदा सरकारी निवृत्तांना झाला.

---

सेवापुस्तक

रानजाई ताई, नाही, मला कधीच कुणी विचारलं नाही. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देतो, तोही आता मोबाईलवर चेहरा दाखवून होतो. मी जिवंत आहे एवढंच सरकारला कळलं की पुरे. मुलगा काय कमावतो, घर किती मजली, काही नाही.

लेखा शाखेतला माणूस म्हणून एक सांगतो. माझी पेन्शन २०७१ मधून जाते, त्या बाईंचे पैसे २२३५ मधून, सामाजिक सुरक्षा व कल्याण. दोन्हीला मागे फंड नाही, दोन्ही त्याच राज्याच्या एकत्रित निधीतून. तिजोरी अडचणीत आली तर २०७१ ला हात लावायची कुणाची छाती नाही. २२३५ चे पैसे दोन-तीन महिने रखडले तर बातमीही होत नाही. मी हे टेबलावरून पाहिलंय.

खातेवही, तुमचा 'त्यांनी नाही कमावलं' हा अर्थ मला मान्य नाही, पण तो निघतो हे खरं. माझं म्हणणं आता असं मांडतो : माझी कमावलेली आहे, त्या बाईंचीही कमावलेली आहे, माझ्या बाजूला फक्त लेखी पुरावा आहे. सेवापुस्तकात माझ्या प्रत्येक वर्षाची नोंद आहे, सही-शिक्क्यासकट. तिच्या खुरपणीची नोंद कुणी ठेवली नाही. पुढाऱ्यांनी पुढच्या वेतन आयोगाबरोबर श्रावणबाळची रक्कमही महागाई भत्त्याला बांधावी, वर्षातून दोनदा आपोआप वाढावी. मग बघू किती निवृत्त संघटना त्यासाठी रस्त्यावर येतात. माझ्या संघटनेत ठराव मांडणार आहे. पडेल, याची जवळजवळ खात्री आहे.

टवाळ, तुमच्या आमदारांचं राहिलंच. त्यांनी स्वतःच स्वतःला शब्द दिलाय, तिथे आमचा युक्तिवाद लटका पडतो.

---

खातेवही

ठराव मांडा, मसुदा इथे टाका. ईपीएसची किमान पेन्शनही महागाईला बांधा असं एक वाक्य त्यात घातलंत तर आमच्या युनियनच्या लोकांकडून सह्या आणून देतो. 'कमावलेली' या शब्दावर मात्र आपलं जमणार नाही, ते राहू द्या.

---

रानजाई

काका, जाता जाता कामाचं विचारते. आमच्या बीटमधली (अंगणवाड्यांच्या गटातली) एक सेविका वयामुळे सेवामुक्त झाली. ग्रॅच्युइटीबद्दल विचारलं तर कार्यालयात 'अजून आदेश नाही' म्हणतात. लेखी काही देत नाहीत. काय करावं?

---

सेवापुस्तक

ताई, तोंडी विचारणं बंद करा. नेमणुकीचा आदेश, सेवामुक्तीचा आदेश आणि मानधन जमा झालेलं बँक पासबुक, तिन्हीच्या प्रती जोडून लेखी अर्ज द्या. अर्जात २५ एप्रिल २०२२ च्या निकालाचा उल्लेख करा. आवक शिक्का मारलेली पोच घ्या, शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. महिनाभरात उत्तर नाही आलं तर उपदानाचे दावे ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात, दावा लावता येतो. वकील हवाच असं नाही. उशीर झाला म्हणूनच दावा बाद करतील अशी भीती बाळगू नका.

मानधनाची सुरुवातीची वर्षं रोखीने दिलेली असतील तर त्या काळच्या हजेरीपटाची प्रत माहिती अधिकारात मागवा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, अर्जाचा मसुदा करून देतो.